भाड्याचं व्हॅक मशीन: मधुमेही पायाच्या जखमेवर एकट्याने किती चालतं आणि जोडीला काय लागतं

मधुमेही माणसाच्या पायाचं बोट किंवा चवड्याचा भाग काढल्यावर जी खोल, उघडी जखम राहते, तिथे व्हॅक मशीन, म्हणजे जखमेवर सतत हवेची ओढ देणारा पंप, आपलं नाव राखतं. हल्ली मात्र तळव्यावरच्या कुठल्याही न भरणाऱ्या जखमेला ‘व्हॅक लावून बघू’ असं सर्रास सुचवलं जातं. मग सर्जिकलच्या दुकानातून मशीन घरी येतं, रोजाने भाडं सुरू होतं, फोमच्या सेटचे पैसे वेगळे आणि ड्रेसिंग बदलायला येणाऱ्या सिस्टरचे वेगळे. या सगळ्या सेवेचं आणि तिच्या जोडीला लागणाऱ्या उपचारांचं हे परीक्षण आहे.

आमचं मत आधीच सांगतो. मशीन चांगलं आहे, पण पायाला रक्त पोचत नसेल, जखमेवर शरीराचा भार पडत असेल किंवा आत मेलेलं मांस असेल, तर ते नुसतं पाणी ओढत बसतं आणि घरच्यांना वाटतं की उपचार चालू आहेत. या तीन गोष्टींची सोय आधी लागली असेल तरच भाडं वसूल होतं.

डब्यात काय येतं

एक छोटा पंप, त्याला जोडायचा पाणी साठवणारा डबा, काळा फोम, चिकट पारदर्शक पडदा आणि टोकाला गोल चकती असलेली नळी. घरी चालवायच्या पंपाचा डबा बहुधा ३०० मिलीचा असतो, हॉस्पिटलातले ५०० आणि १००० मिलीचे. काळा फोम पॉलियुरेथेनचा, त्याची छिद्रं ४०० ते ६०० मायक्रॉनची. पंप १२५ मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ निर्माण करतो आणि फोम ती ओढ जखमेच्या सगळ्या तळावर सारखी पसरवतो. त्यामुळे कडा आत खेचल्या जातात, सूज आणि साचलेला द्रव निघून जातो, पेशींना ताण बसून लाल दाणेदार मांस लवकर वाढतं. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली. १२५ हा आकडा तेव्हापासून टिकून आहे.

लावण्याची रीत सोपी दिसते, पण चुका तिथेच होतात. जखम सलाइनने धुवायची आणि भोवतालची कातडी पूर्ण कोरडी करायची. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, कारण ओलसर कातडीवर पडदा चिकटत नाही. कातडीवर संरक्षक फिल्म लावायची. फोम जखमेच्या मापाने कापायचा, पण जखमेच्या वर धरून कापायचा नाही. त्याचा भुगा आत पडतो आणि मांस त्याच्याभोवती वाढतं. फोम चांगल्या कातडीला टेकता कामा नये, नाहीतर ती दोन दिवसांत पांढरी, भिजकी होऊन सोलवटते. जखमेला आत बोगदा असेल तर तिथे पांढरा, घट्ट विणीचा फोम वापरावा आणि तो अगदी टोकापर्यंत कोंबू नये. एकूण किती तुकडे आत ठेवले तो आकडा आणि तारीख पडद्यावरच मार्करने लिहावी. पुढच्या वेळी येणारी सिस्टर वेगळी असू शकते आणि आत राहिलेला एक तुकडा पुढे महिनाभर पू देत राहतो.

पडदा फोमच्या बाहेर चारी बाजूंनी तीन ते पाच सेंटिमीटर यावा. मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडून त्यावर चकती बसवायची आणि पंप सुरू करायचा. मिनिटाभरात फोम मनुक्यासारखा सुरकुतून कडक व्हायला हवा. तसा झाला नाही तर हवा कुठूनतरी शिरते आहे. पायात ती जागा जवळजवळ नेहमी बोटांच्या बेचक्यातच सापडते. तिथे हायड्रोकोलॉइडची (जेलसारखी चिकट) पट्टी किंवा भेगा बुजवणारी स्टोमा पेस्ट आधी भरून मग पडदा लावला तर पंपाची रात्रभरची पीं-पीं थांबते. रात्री वैतागून पंप बंद करणं हा घरगुती व्हॅकचा सगळ्यात मोठा घोटाळा. दिवसात दोन तासांपेक्षा जास्त वेळ ओढ बंद राहिली तर ती पट्टी काढून साधं ओलं ड्रेसिंग करायचं, हा नियम आहे. बंद पडद्याखाली साचलेला कोमट द्रव जंतूंना फार मानवतो.

तळव्यावरच्या जखमेसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. चकती आणि नळी तळव्यावर ठेवलीच जाऊ नये. पावलाच्या कडेने वरच्या बाजूपर्यंत आधी पडदा चिकटवायचा, त्यावर फोमची लांब पट्टी पुलासारखी न्यायची आणि चकती पावलाच्या पाठीवर किंवा नडगीच्या बाजूला बसवायची. संवेदना गेलेल्या पायाखाली कडक नळी आली तर दुसरी जखम तयार होते आणि पेशंटला कळतही नाही.

ड्रेसिंग ४८ ते ७२ तासांनी बदलायचं. फोम चिकटला असेल तर नळीतून सलाइन सोडून दहा-पंधरा मिनिटं थांबावं, ओढून काढू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं; जखमेत रक्तवाहिनी उघडी दिसत असेल तर मशीन लावूच नये. डब्यात अचानक लालभडक रक्त उतरू लागलं तर पंप ताबडतोब बंद करून जखम दाबून धरायची आणि हॉस्पिटल गाठायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने २००९ आणि २०११ मध्ये या यंत्रांबद्दल इशारे दिले. त्यात नोंदलेल्या मृत्यूंचं मुख्य कारण रक्तस्राव हेच होतं आणि बरेच पेशंट घरी किंवा शुश्रूषागृहात होते. म्हणून मशीन देणाऱ्याने घरच्यांना हे समजावून सांगितलं नसेल तर ती सेवा अपुरी समजावी, मशीन कितीही नवं असो.

आकडे काय सांगतात

२००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पावलाचा भाग काढलेले १६२ मधुमेही होते. सोळा आठवड्यांत व्हॅकच्या गटात ५६ टक्के जखमा भरल्या, साध्या ओल्या ड्रेसिंगच्या गटात ३९ टक्के. २००८ मध्ये ३४२ पेशंटांवरच्या अभ्यासात हे प्रमाण ४३ आणि २९ टक्के असं आलं. दोन्हींमध्ये पेशंट निवडताना रक्तपुरवठा तपासला होता आणि पायावरचा भारही काढला होता, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. उलट जर्मनीत रोजच्या दवाखान्यांच्या परिस्थितीत केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जखम बंद होण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची २०२३ ची शिफारस म्हणूनच दुपदरी आहे: शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेसाठी व्हॅकचा विचार करावा, शस्त्रक्रिया न झालेल्या साध्या तळव्याच्या जखमेला तो वापरू नये. आपल्याकडचं बरंचसं भाडं या दुसऱ्या गटाकडून येतं.

आधी रक्त, मग हाड

पावलावर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. मधुमेहात घोट्याच्या धमन्या चुन्याने कडक होतात, पट्टा फुगवूनही दबत नाहीत, म्हणून घोट्याचा निर्देशांक (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) खोटा चांगला येतो, १.३ च्या वर आला तर तो धरूच नये. पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजून घ्यावा. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर व्हॅकची चौकशी बाजूला ठेवून आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. अँजिओप्लास्टी किंवा बायपास, मग मेलेलं मांस काढणं, मग मशीन, हा क्रम आहे. रक्त नसलेल्या पायावर फोम दाबून बसवला तर कडा काळ्या पडतात.

मग हाड. निर्जंतुक, बोथट धातूची सळई जखमेत हलकेच घातल्यावर खडखडीत हाड लागलं तर हाडात जंतू गेल्याचा संशय धरायचा आणि एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या करून घ्यायच्या. हाडातल्या संसर्गाचा उपचार सुरू नसताना त्यावर व्हॅक लावणं निषिद्ध आहे. काळी खपली असलेल्या आणि कॅन्सरच्या जखमेवरही तेच.

पायावरचा भार: खरी जोडी इथे आहे

सगळ्या उपचारांत एकच निवडायचा झाला तर आम्ही भार काढणारं प्लास्टर निवडू. कुष्ठरोगाच्या तळव्यावरच्या जखमांसाठी वापरात असलेली ही पद्धत, वेल्लोरला वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर मधुमेही पायांसाठी रुजवली. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट हे तिचं नाव. पायाला घट्ट, सर्व बाजूंनी टेकणारं गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टर. चवड्यावरचा दाब पोटरीच्या उतरत्या आकाराला आणि पूर्ण तळव्याला वाटून जातो. २००१ च्या चाचणीत बारा आठवड्यांत या प्लास्टरखाली सुमारे ९० टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या वॉकर बुटात ६५ टक्के आणि अर्ध्या (चवडा अधांतरी ठेवणाऱ्या) बुटात ५८ टक्के. दाब कमी करण्याची वॉकरची क्षमता प्लास्टरच्या तोडीची, तरी एवढा फरक, कारण वॉकर काढता येतो. पेशंटांच्या पावलांची मोजणी केली तेव्हा कळलं की दिवसभरातल्या फक्त २८ टक्के हालचालीत तो पायात होता. आपल्याकडे तर घरात शिरताना पायातलं काढायचंच असतं; संडास, मोरी, देवघर, स्वयंपाकघर सगळं अनवाणी. म्हणून घरात वापरायचा वॉकर वेगळा आणि स्वच्छ ठेवून तो पायातून काढायचाच नाही, हे सगळ्या घराला समजावून द्यावं लागतं.

प्लास्टरची गोम अशी: पहिलं दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात बदलायलाच हवं, कारण सूज उतरली की ते सैल होतं आणि आत घासू लागतं. पुढे एक-दोन आठवड्यांनी बदलायचं. घोट्याच्या हाडांवर आणि नडगीच्या धारेवर फेल्टची (जाड, मऊ कापडाची) गादी हवी. प्लास्टरने तो पाय उंच होतो, तेव्हा दुसऱ्या पायाच्या चपलेला तेवढीच उंची वाढवून घ्या, नाहीतर कंबर दुखते, तोल जातो आणि चांगल्या पायावर नवी भोवरी उठते. रक्तपुरवठा कमी आणि संसर्ग दोन्ही असतील तर प्लास्टर घालू नये.

व्हॅकबरोबर हे कसं जुळवायचं? दर दोन-तीन दिवसांनी फोम बदलायचा असल्याने प्लास्टर जमत नाही. तोवर गुडघ्यापर्यंतचा वॉकर घालावा आणि मधल्या दिवसांत तो निघू नये म्हणून वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळावी; नळी वॉकरच्या पुढच्या फटीतून वर काढावी. जखम भरून वर आली, व्हॅक निघाला की प्लास्टर. पैशांची ओढाताण असेल तर फेकून द्यायच्या रबरी हातमोज्यांची गुंडाळी करून, जखम मोकळी राहील अशी तिच्या मागे चिकटपट्टीने बसवायची ‘मंदाकिनी’ नावाची देशी युक्ती आहे. प्लास्टरची सर तिला नाही, पण भार न काढता ठेवलेल्या महागड्या पंपापेक्षा आम्ही तिच्या बाजूने आहोत.

साफसफाई आणि ग्रोथ फॅक्टरची जेल

जखमेवर साचणारी पिवळट साय आणि कडेची जाड भोवरी दर आठवड्याला ब्लेडने काढावी लागते, रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. जंतूंचा चिकट थर एक ते तीन दिवसांत पुन्हा तयार होऊ लागतो, म्हणून एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये साफ केली की झालं असं होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतणं सोडा. फेस येतो आणि नव्या पेशी मरतात.

या साफसफाईवरच जेलचं नशीब अवलंबून असतं. बेकाप्लर्मिन ही पीडीजीएफ या ग्रोथ फॅक्टरची, म्हणजे पेशींची वाढ जागवणाऱ्या प्रथिनाची, ०.०१ टक्के जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झाली. वर्षभराने आलेल्या अभ्यासात वीस आठवड्यांत ५० टक्के जखमा भरल्या, नुसत्या जेलच्या आधारद्रव्याने ३५ टक्के. याच जेलच्या आधीच्या चाचणीची केंद्रवार उजळणी केली तेव्हा दिसलं की जिथे जखमा वरचेवर साफ केल्या जात होत्या तिथे जेलचा निकाल चांगला होता. भारत बायोटेकची ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरची जेलही आपल्याकडे मिळते. कुठलीही घेतली तरी प्रथिनाचं औषध आहे: फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीझरमध्ये कधीच नाही. बेकाप्लर्मिनच्या १५ ग्रॅमच्या ट्यूबचं माप सोपं आहे. जखमेची लांबी गुणिले रुंदी सेंटिमीटरमध्ये, भागिले चार. चार बाय तीनच्या जखमेला तीन सेंटिमीटर लांब जेल, साधारण दीड मिलिमीटर जाड पसरवून. बारा तासांनी सलाइनने धुवायची आणि उरलेले बारा तास फक्त ओली गॉज. जास्त थापल्याने जखम लवकर भरत नाही, ट्यूब लवकर संपते. जखमेच्या जागी कॅन्सर असेल तर ही लावायची नाही.

फोमखाली जेल लावून दोन्ही एकदम चालवण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. जेल ओढीबरोबर डब्यात जाते. आधी व्हॅकने खोली भरून घ्या, मग जेल. तसंच मेलेलं मांस विरघळवणारा कोलॅजनेज मलम आणि सिल्व्हर किंवा आयोडीन एकावर एक लावू नका, त्याने मलमातलं कोलॅजनेज हे एन्झाइम निकामी होतं. प्रिस्क्रिप्शनवर हे दोन्ही एकाखाली एक लिहिलेलं दिसतं तेव्हा विचारायलाच हवं.

धुणारा व्हॅक आणि मणिपालची पद्धत

काही महागड्या पंपांत मधूनमधून सलाइन सोडायची सोय असते. दहा-वीस मिनिटं भिजत ठेवायचं, मग दोन-तीन तास ओढ. घाण, दाट स्राव असलेल्या जखमेला हॉस्पिटलात याचा उपयोग होतो. त्यात सलाइन पुरेसं आहे. जंतुनाशक द्रावणाशी केलेल्या तुलनेत ते मागे पडलं नाही. घरी हे चालवण्यात अर्थ नाही, पडदा सुटला की गादी भिजते. मणिपालच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये विकसित झालेलं लिमिटेड ॲक्सेस ड्रेसिंग याच अंगाने जातं: अर्धा तास ओढ, साडेतीन तास विश्रांती, वरून प्लास्टिकचं पातळ आवरण, खर्च बराच कमी. जवळपास कुणी करत असेल तर जरूर विचारा.

कातडी लावताना

तळ लाल, सपाट आणि कातडीच्या पातळीला आला की मांडीची पातळ कातडी जाळीदार करून लावतात, आणि इथे व्हॅक पुन्हा कामाला येतो. कातडीवर न चिकटणारी गॉज, तिच्यावर फोम, ७५ ते १२५ ची सलग ओढ आणि चार-पाच दिवस न उघडणं. कातडीखाली रक्त साचत नाही, ती सरकत नाही. मांडीवरच्या जागेचं ड्रेसिंग मात्र पेशंटला जास्त रडवतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग अशा जागेवर वापरून त्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पान चिकटत नाही, काढताना दुखत नाही. वाडिया हॉस्पिटलात भाजलेल्या जखमांवर वापरलेल्या बटाट्याच्या सालीच्या ड्रेसिंगचीही हीच गोष्ट. ही पानं हॉस्पिटलात निर्जंतुक केलेलीच हवीत, परसातली कापून आणलेली नव्हे.

पोटरीच्या खाली, घोट्याच्या आतल्या बाजूची, फुगलेल्या शिरांची जखम असेल तर हे सगळं परीक्षण बाजूला ठेवा. तिथे घोट्याशी ४० मिलिमीटर दाब देणारी थरांची पट्टी आणि शिरेचा लवकर बंदोबस्त हीच जोडी चालते. इंग्लंडमधल्या २०१८ च्या अभ्यासात पट्टीबरोबर शीर लगेच बंद केली तेव्हा निम्म्या पेशंटांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबून केली तेव्हा ८२ दिवसांत.

दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद खोलीची, दीड तासाची, तीस-चाळीस सत्रं निवडक रक्त-कमी पायांसाठी विचारात घ्यावीत, व्हॅकला पर्याय म्हणून नाही. सिल्व्हरच्या पट्ट्या आणि मध यांनी मधुमेही जखम लवकर भरते असा भक्कम पुरावा नाही. त्या पैशात अंडी, डाळ आणि रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या घ्याव्यात. रोज डबाभर जाणाऱ्या द्रवाबरोबर प्रथिनंही जातात.

भाडं ठरवताना

दुकानदाराला विचारा: फोमचा सेट सीलबंद आहे का, कारण पंप परत वापरला जातो, फोम आणि डबा नाही. बॅटरी वीज गेल्यावर किती तास चालते. लोडशेडिंगच्या गावात हा प्रश्न पहिला. रात्री दोनला पंप ओरडला तर फोन कोण उचलतो. बंद असलेल्या दिवसाचं भाडं कापतात का. आणि सिस्टर तुकड्यांचा आकडा लिहिते का.

दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक कागद धरून कडा गिरवून ठेवा, खोली सळईने मोजा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर फोम बदलत राहू नका. रक्त, हाड, भार आणि साखर पुन्हा तपासून घ्या. व्हॅकचं काम खोली भरण्याचं, जखम पूर्ण बंद करण्याचं नाही. तळ वर आला त्याच दिवशी मशीन परत करा, आणि भरलेला डबा घरच्या कचऱ्यात न टाकता ड्रेसिंग करणाऱ्या दवाखान्यातच द्या.